धसका : न दिसणाऱ्या जखमेचा अभ्यास

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, ‘दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो’ ही म्हण तुम्ही अनेकदा ऐकली असेल. एकदा फसलेला माणूस पुढे सावध होतो, असा तिचा अर्थ आपण लावतो. परंतु थोडे थांबून विचार करा. ताक थंड असते हे त्या माणसाला ठाऊक नसते का? निश्चितच ठाऊक असते. तरीही त्याचे ओठ आपोआप फुंकर घालतात. बुद्धीला जे कळते ते शरीराला पटत नाही. बुद्धी आणि शरीर यांच्यातील हे अंतर आपल्या पूर्वजांनी एका साध्या म्हणीत नेमके टिपले आहे.

आज महाविद्यालयांतून मानसशास्त्राचे विद्यार्थी याच अंतराचा शास्त्रशुद्ध अभ्यास करतात. त्या विषयाला ‘मानसिक आघात’ असे नाव आहे. आघात सोसलेल्या माणसाशी कसे वागावे, त्याला पुन्हा न दुखावता मदत कशी करावी, याचेही एक शास्त्र आता आकाराला आले आहे. प्रस्तुत पाठात या दोन्ही गोष्टींचा परिचय आपण भिलाई या औद्योगिक नगरीच्या निमित्ताने करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
- मानसिक आघात म्हणजे काय, हे स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल;
- आघाताची मनावर व शरीरावर दिसणारी लक्षणे स्पष्ट करू शकाल;
- आघाताचे भान ठेवणाऱ्या शुश्रूषेची तत्त्वे उदाहरणांसह मांडू शकाल;
- भय व दुःख व्यक्त करणाऱ्या मराठी वाक्प्रचारांचा योग्य उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

१. पोलादाची नगरी

छत्तीसगढच्या दुर्ग जिल्ह्यात भिलाई वसली आहे. १९५५ साली भारत व सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे कामासाठी येथे आली. त्यांत विदर्भातून व महाराष्ट्राच्या इतर भागांतून आलेली मराठी कुटुंबेही होती. सेक्टरांच्या आखीव वसाहतींत त्यांचे संसार फुलले. रेल्वेचे लांबच लांब रूळ घडविणारी नगरी म्हणून भिलाईचे नाव देशभर झाले.

जेथे वितळलेले लोखंड वाहते, तेथे धोकाही सोबतीला असतो. १२ जून २०१४ रोजी कारखान्यात विषारी वायूची गळती होऊन सहा जणांचा मृत्यू झाला. मृतांत वरिष्ठ अधिकारीही होते. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक भट्टीच्या वायुवाहिनीवर देखभालीचे काम चालू असताना आगीचा भडका उडाला आणि दहाहून अधिक माणसे दगावली. भाजलेल्यांवर सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालयात उपचार झाले.

अशा दुर्घटनेनंतर मृतांची संख्या मोजली जाते, जखमींची यादी लागते, चौकशी समिती नेमली जाते. परंतु जो कामगार दहा पावले मागे होता म्हणून वाचला, ज्याने सहकाऱ्याला उचलून बाहेर आणले, जी पत्नी रुग्णालयाच्या दारात रात्रभर उभी राहिली, त्यांची नोंद कोणत्या यादीत होते? त्यांच्या अंगावर एकही ओरखडा नसतो. घरी परतल्यावर लोक त्यांना म्हणतात, “नशीब बलवत्तर म्हणून वाचलात.” ते मान हलवतात आणि गप्प राहतात. या गप्प राहण्यामागे काय दडलेले असते, हा आपल्या अभ्यासाचा विषय आहे.

२. जखमेला नाव मिळाले

मनाला झालेली जखम मानवजातीला नवी नाही. मात्र वैद्यकशास्त्राने तिची दखल उशिरा घेतली. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८ या काळात, तोफांच्या माऱ्यातून वाचलेले अनेक सैनिक थरथर कापत. काहींची वाचा जाई, काहींना चालता येत नसे. शरीर तपासले तर जखम सापडत नसे. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश वैद्याने या स्थितीविषयी लिहिले आणि ‘शेल शॉक’ हा शब्द रूढ झाला. त्या काळी पुष्कळांनी या सैनिकांना भित्रे ठरविले. ज्यांना शुश्रूषेची गरज होती, त्यांच्यापैकी काहींच्या वाट्याला शिक्षा आली.

पुढे व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या, तसेच अत्याचार सोसलेल्या स्त्रियांच्या अनुभवांमुळे हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत वर्गीकरणात ‘आघातोत्तर ताणविकार’ या विकाराचा समावेश केला. नाव मिळाल्यामुळे एक मोठी गोष्ट साध्य झाली. हा स्वभावाचा दोष नसून असह्य प्रसंगाने मागे ठेवलेली जखम आहे, हे मान्य झाले.

मराठी भाषेला मात्र ही जखम पूर्वीपासून परिचित आहे. ‘त्याने धसका घेतला’ असे आपण म्हणतो. ‘भीती’ प्रसंगासोबत येते आणि प्रसंगासोबत जाते. ‘धसका’ प्रसंग संपल्यावरही मनात घर करून राहतो. भीती आणि धसका यांतील हा फरक तुम्ही नीट ध्यानात घ्या, कारण संपूर्ण विषयाची किल्ली त्यात आहे.

३. मनात आणि शरीरात काय घडते?

संकट समोर आले की विचार करण्यापूर्वीच शरीर सज्ज होते. मेंदूच्या आतील भागात ‘अमिग्डाला’ नावाचे, बदामाच्या आकाराचे एक लहान केंद्र आहे. ते पहारेकऱ्याचे काम करते. त्याने इशारा देताच अॅड्रिनलीन रक्तात मिसळते, हृदय वेगाने धडधडू लागते, श्वास जलद होतो, स्नायू ताठ होतात. झुंजायचे, पळायचे किंवा जागच्या जागी थिजायचे, या तीनपैकी एक प्रतिक्रिया घडते. ती माणूस निवडत नाही. ती घडून जाते. म्हणूनच “तू ओरडला का नाहीस?”, “तू पळाली का नाहीस?” हे प्रश्न शास्त्राच्या दृष्टीने चुकीचे आणि माणुसकीच्या दृष्टीने क्रूर ठरतात.

संकट टळल्यावर हा पहारेकरी शांत व्हावयास हवा. बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत वा आठवड्यांत तो शांत होतो. आप्तांचा आधार, नित्याचे काम, पुरेशी झोप यांच्या साहाय्याने माणूस सावरतो. ही गोष्ट विद्यार्थ्याने विसरू नये. दुर्घटना पाहिलेला प्रत्येक माणूस आजारी पडतोच असे नाही. परंतु काहींच्या बाबतीत पहारेकरी शांत होत नाही. एक महिना उलटून गेल्यावरही त्रास चालूच राहिला आणि त्यामुळे दैनंदिन जीवन विस्कळीत झाले, तर तज्ज्ञ आघातोत्तर ताणविकाराचा विचार करतात. त्याची लक्षणे चार गटांत मांडली जातात :

(अ) प्रसंग पुन्हा जगणे – नको असताना दृश्ये डोळ्यांसमोर येणे, भयानक स्वप्ने पडणे.
(आ) टाळाटाळ – ती जागा, तो रस्ता, तो विषय, ती माणसे टाळणे.
(इ) विचार व भावना यांत बदल – स्वतःला दोष देणे, आनंद न वाटणे, आपल्या माणसांपासून तुटल्यासारखे होणे.
(ई) सततची सावधता – लहानशा आवाजाने दचकणे, झोप न लागणे, चटकन संताप येणे.

आघाताची आठवण सामान्य आठवणीहून वेगळी असते. दहा वर्षांपूर्वीचे लग्न आपल्याला आठवते तेव्हा ते ‘होऊन गेले’ हे आपण जाणतो. आघाताची आठवण मात्र भूतकाळात मागे राहत नाही. एखादा वास, एखादा आवाज यांच्यामुळे ती वर्तमानकाळात येऊन उभी राहते. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर तिथे ‘झाले’ हे क्रियापद ‘होत आहे’ असे होऊन बसते.

पाठगत प्रश्न १

१. ‘भीती’ आणि ‘धसका’ यांत पाठात कोणता फरक सांगितला आहे?
२. १९८० साली झालेल्या समावेशाने कोणती गोष्ट मान्य झाली?
३. “तू पळाली का नाहीस?” हा प्रश्न चुकीचा का ठरतो?

४. भोपाळ आणि किल्लारी

आपल्या देशाने हा विषय केवळ पुस्तकांतून शिकलेला नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळ येथे विषारी वायूची गळती झाली. त्या वेळी भिलाई व भोपाळ एकाच मध्य प्रदेश राज्यात होते. छत्तीसगढ राज्याची स्थापना पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी झाली. भोपाळमध्ये डोळे, फुप्फुसे यांच्यावरील उपचार तत्काळ सुरू झाले. मनाच्या जखमांकडे लक्ष जाण्यास मात्र सुमारे दोन महिने लागले. १९८५ साली लखनौच्या मनोविकारतज्ज्ञांनी तेथील दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांची पाहणी केली, तेव्हा साधारणपणे पाचांतील एकास मानसिक विकार असल्याचे आढळले. इतक्या लोकांसाठी मनोविकारतज्ज्ञ कोठून आणणार? मग बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेतील डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे काम करणाऱ्या सामान्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनाच या कामाचे प्रशिक्षण दिले. मनाची शुश्रूषा ही मूठभर तज्ज्ञांपुरती मर्यादित ठेवून चालणार नाही, हा धडा देशाला त्यातून मिळाला.

दुसरे उदाहरण आपल्या मराठवाड्यातील आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या रात्री गणेश विसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्यावर कोसळल्या. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. ज्या घराने पिढ्यान्पिढ्या आसरा दिला, त्याच घराने जीव घेतला. त्यामुळे वाचलेल्यांचा छपरावरचाच विश्वास उडाला. पुढे नव्या जागी भूकंपरोधक घरे बांधण्यात आली. पण घर बांधून देणे आणि घरात निर्धास्त झोप लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने या भूकंपाच्या मानसिक परिणामांचा पुढे अनेक वर्षे अभ्यास करविला.

५. वहीतला प्रश्न

आता एका प्रसंगाची कल्पना करू या. भिलाईतील एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकणारी एक मराठी विद्यार्थिनी आहे. ‘आघात व आघाताचे भान’ या विषयावर तिला एक प्रकल्प लिहावयाचा आहे. शेजारी राहणारे काका पूर्वी कारखान्यात कामाला होते. अनेक वर्षांपूर्वी ते एका अपघातातून थोडक्यात बचावले होते. त्यांच्यासोबत काम करणारा मित्र मात्र वाचला नव्हता. एके संध्याकाळी ती वही घेऊन त्यांच्याकडे गेली. काकूंनी चहा ठेवला. तिने वही उघडली आणि विचारले,

“काका, त्या दिवशी नेमकं काय झालं? अगदी पहिल्यापासून सगळं सांगा ना.”

काका हातातल्या कपाकडे पाहत राहिले. त्यांनी दोन वाक्ये सांगितली. तिने पुढचा प्रश्न विचारला, “तुमचे मित्र तेव्हा कुठे उभे होते?” काकांच्या कपाळावर घाम आला. कप खाली ठेवून ते उठले. “झाडांना पाणी घालायचं राहिलंय,” एवढेच बोलून ते अंगणात गेले. पुष्कळ वेळ झाला तरी परतले नाहीत. दारापर्यंत सोडायला आलेल्या काकू हळूच म्हणाल्या, “तुझा दोष नाही गं बाळा. पण आज रात्री काही ह्यांना झोप यायची नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या प्राध्यापिकेला सारे सांगितले. बाईंनी तिला रागावले नाही. त्या म्हणाल्या, “तू काकांकडे विद्यार्थिनी म्हणून गेलीस, शेजारची मुलगी म्हणून नाही. तुला माहिती हवी होती. त्यांना काय हवं आहे, हे तू विचारलंस का?”

प्रश्न तिच्या मनाला लागला. आठवडाभराने ती पुन्हा गेली, या वेळी वहीशिवाय. “काका, त्या दिवशी मी घाई केली. माझं चुकलं. त्याबद्दल आता काही विचारणार नाही,” ती म्हणाली. काका काही बोलले नाहीत. दोघे अंगणात बसून राहिले. कढीपत्त्याच्या झाडावर रोग पडला होता, त्याविषयी थोडे बोलणे झाले. उठताना काका अचानक म्हणाले, “एक कर. काकूला सांग, शेगडी पेटवायच्या आधी मला हाक मारत जा. तो भप्पकन आवाज झाला ना, की अजून काळजात धस्स होतं. इतकी वर्षं झाली, तिला सांगायला लाज वाटते.”

तेव्हापासून त्या घरात शेगडी पेटविण्यापूर्वी काकू आतून “पेटवते हं!” असे सांगू लागल्या. विद्यार्थिनीने आपला प्रकल्प छापील साहित्याच्या आधारे पूर्ण केला. काकांविषयी त्यात एक शब्दही लिहिला नाही. मात्र आपला विषय तिला त्या अंगणात समजला.

६. आघाताचे भान ठेवणारी शुश्रूषा

या प्रसंगात जे घडले, त्याचेच सूत्रबद्ध रूप महाविद्यालयात शिकविले जाते. मदत करणाऱ्याने प्रथम आपला प्रश्न बदलावा, असे हे शास्त्र सांगते. “या माणसात काय बिघडले आहे?” असे न विचारता “या माणसावर कोणता प्रसंग गुदरला असेल?” असा विचार मनात आणावा. परंतु हा प्रश्न मनात ठेवावयाचा आहे. तो समोरच्यावर लादावयाचा नाही. दुर्घटनेनंतर लगेच माणसाला बसवून त्याच्याकडून सारा वृत्तांत वदवून घेणे हितकारक नसते, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ‘बोलल्याने मन मोकळे होते’ हे खरे. पण ते बोलणाऱ्याने ठरविलेल्या वेळी आणि त्याने निवडलेल्या माणसापाशी. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचारासाठी तीन साध्या क्रिया सांगितल्या : परिस्थिती पाहा, ऐकून घ्या, योग्य मदतीशी जोडून द्या.

अमेरिकेतील एका शासकीय आरोग्य संस्थेने २०१४ साली अशा शुश्रूषेची सहा तत्त्वे मांडली. आपल्या प्रसंगाच्या प्रकाशात ती पाहू :

- सुरक्षितता – माणसाला शरीराने व मनाने सुरक्षित वाटले पाहिजे. “पेटवते हं!” ही हाक म्हणजे सुरक्षितताच होय.
- विश्वास व पारदर्शकता – आपण काय करणार आहोत व का, हे आधी सांगावे. परिचारिकेने सुई टोचण्यापूर्वी, शिक्षकाने दार लावण्यापूर्वी एक वाक्य बोलावे.
- समदुःखींचा आधार – त्याच वाटेने गेलेल्या माणसाचा शब्द अनेकदा अधिक पोहोचतो.
- सहकार्य – उपाय दोघांनी मिळून शोधावा. काकांच्या घरातील उपाय काकांनीच सुचविला.
- निवडीचा अधिकार – आघाताच्या क्षणी माणसाच्या हातात काहीच उरलेले नसते. म्हणून नंतरच्या प्रत्येक लहान गोष्टीत त्याला निवड करू देणे, हा उपचाराचाच भाग आहे. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारही त्यात येतो.
- संस्कृती, इतिहास व लिंगभाव यांचे भान – कोणत्या समाजात काय बोलणे लाजिरवाणे मानले जाते, कोणावर पिढ्यान्पिढ्या अन्याय झाला आहे, याची जाणीव ठेवावी.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आघाताचे भान ठेवणे म्हणजे उपचार करणे नव्हे. उपचार हे प्रशिक्षित तज्ज्ञांचे काम आहे. आघातावर केंद्रित असलेल्या मानसोपचारांच्या काही पद्धती गुणकारी ठरल्या आहेत, पण त्या शिकण्यास अनेक वर्षे लागतात. भान मात्र शिक्षक, परिचारिका, पोलीस, अंगणवाडी सेविका, बसवाहक, शेजारी अशा प्रत्येकाला ठेवता येते.

७. अभ्यासकाने स्वतःला जपावे

हा विषय शिकणाऱ्या वर्गात असे काही विद्यार्थी असतात, की ज्यांनी स्वतःच आघात सोसलेला असतो. पुस्तकातील एखादे पान त्यांना आपल्याच घरातील वाटते. अशा वेळी थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवणे, वर्गाबाहेर जाऊन पाणी पिणे, विश्वासातील व्यक्तीशी बोलणे यांत कमीपणा नाही. इतरांचे दुःख सतत ऐकणाऱ्याच्या मनावरही त्याचा भार साचतो. नदीत उतरून बुडणाऱ्याला हात द्यावयाचा असेल, तर आपला एक पाय काठावर घट्ट रोवलेला असावा लागतो.

तुमच्यापैकी काहींना हा विषय पुढे शिकावासा वाटेल. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेत उच्च माध्यमिक स्तरावर मानसशास्त्र हा विषय उपलब्ध आहे. त्यानंतर महाविद्यालयात पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण घेता येते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून नोकरी वा घर सांभाळूनही ते शक्य आहे. शाळा मध्येच सुटलेल्या माणसाने या क्षेत्राकडे आपले नाही म्हणून पाहू नये. आयुष्यात जे सोसले ते पदवीची जागा घेऊ शकत नाही, हे खरे. पण समोरच्याचे मौन समजून घेण्याची जी तयारी त्यातून होते, ती कोणत्याही पुस्तकात मिळत नाही.

मदतीची गरज आज असेल, तर तीही जवळ आहे. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो.

दुधाने तोंड पोळलेल्या माणसाची आपण म्हणीतून थोडी थट्टा करीत आलो. यापुढे तो ताक फुंकताना दिसला, तर त्याला हसू नका. त्याचे फुंकणे संपेपर्यंत शेजारी शांत बसून राहा.

पाठगत प्रश्न २

१. भोपाळच्या दुर्घटनेनंतर देशाला कोणता धडा मिळाला?
२. काकांनी विद्यार्थिनीला कोणती विनंती केली?
३. योग्य पर्याय निवडा : आघाताचे भान ठेवणे म्हणजे –
(क) उपचार करणे (ख) वृत्तांत वदवून घेणे (ग) पुन्हा न दुखावता वागणे

शब्दार्थ

आघात – जोराचा तडाखा, येथे मनाला बसलेला धक्का
शुश्रूषा – सेवा, काळजी घेणे
झोतभट्टी – लोहखनिज वितळवून लोखंड तयार करण्याची भट्टी
ऐरणीवर येणे – एखादा प्रश्न तातडीने विचारात घेतला जाणे
गुदरणे – (संकट) ओढवणे
समदुःखी – सारखेच दुःख सोसलेला

भाषाभ्यास

भय व दुःख व्यक्त करणारे पुढील वाक्प्रचार पाहा : धसका घेणे, काळजात धस्स होणे, पाचावर धारण बसणे, दातखीळ बसणे, हातपाय गळणे, मन सुन्न होणे. यांतील काही वाक्प्रचारांत शरीराच्या एखाद्या अवयवाचा उल्लेख आहे. मनाचे भय शरीरातून बोलते, ही गोष्ट भाषेने शास्त्राच्या कितीतरी आधी ओळखली होती, हे त्यावरून लक्षात येते.

कृती : वरीलपैकी कोणतेही चार वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यांत वापरा.

तुम्ही काय शिकलात?

- असह्य प्रसंगाने मनाला होणारी जखम म्हणजे मानसिक आघात. तो दुबळेपणा नव्हे.
- बहुतेक माणसे काळाच्या ओघात सावरतात. काहींना तज्ज्ञांच्या मदतीची गरज असते.
- आघात सोसलेल्याने काय, केव्हा व कोणाला सांगावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याचाच असतो.
- उपचार तज्ज्ञ करतात. आघाताचे भान प्रत्येकाला ठेवता येते.

स्वाध्याय

१. आघातोत्तर ताणविकाराच्या लक्षणांचे चार गट सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘घर बांधून देणे आणि घरात निर्धास्त झोप लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
३. पहिल्या व दुसऱ्या भेटीतील विद्यार्थिनीच्या वागण्यात कोणता फरक पडला? तुमच्या मते तिने प्रकल्पात काकांविषयी न लिहिणे योग्य होते का? सकारण लिहा.
४. तुमच्या कामाच्या ठिकाणी वा वस्तीत आघाताचे भान ठेवून बदलता येईल अशी एक लहानशी गोष्ट आठ ते दहा ओळींत लिहा. लिहिताना कोणाचेही नाव वा ओळख पटेल असा तपशील देऊ नका.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १. भीती प्रसंगासोबत जाते. धसका प्रसंग संपल्यावरही मनात राहतो. २. हा स्वभावाचा दोष नसून असह्य प्रसंगाने मागे ठेवलेली जखम आहे. ३. कारण थिजणे ही माणसाने निवडलेली नव्हे, आपोआप घडणारी प्रतिक्रिया असते.

प्रश्न २ : १. मनाची शुश्रूषा मूठभर तज्ज्ञांपुरती मर्यादित ठेवून चालणार नाही. २. शेगडी पेटविण्यापूर्वी हाक मारण्यास काकूंना सांगावे. ३. (ग)